पहिली समुद्री क्रूझ, आई-बाबांसोबत: बंदरावर जहाजाची सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं?

सागरगोटा | सोमवार, रात्री ९:४०

क्रूझबद्दल इकडे तिकडे बरंच वाचलं, पण तयारीची सलग चर्चा कुठे दिसली नाही म्हणून धागा काढतेय. सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन सात रात्रींची क्रूझ करायचं घाटतंय. दोघंही सत्तरीपार. आई टुणटुणीत आहे. बाबांचे गुडघे कुरकुरतात; सपाटीवर आरामात चालतात, जिने आले की चेहरा पडतो.

मार्ग असा: व्हेनिस (त्यापुढे कंसात बारीक अक्षरात रावेन्ना), स्प्लिट, कोटोर, एक दिवस नुसता समुद्र, सॅंटोरिनी, कुशादासी, रोड्स आणि शेवटी पिरेयस (अथेन्सचं बंदर).

मुख्य प्रश्न बंदरावरच्या सहलींचा. जहाजवाले प्रत्येक ठिकाणी सहल विकतायत आणि नुसती यादी वाचूनच दमायला होतं. सगळीकडे त्यांच्याचबरोबर जावं का? शिवाय आईला बोट लागते, अगदी खाडीतल्या होडीतसुद्धा. आणि बॅगेत काय भरावं, काय भरू नये हेही सांगा. मी स्वतः कधी क्रूझ केलेली नाही, तेव्हा अगदी बाळबोध उत्तरं दिलीत तरी चालेल.

नकाशेवाला | सोमवार, रात्री १०:२५

ती बारीक अक्षरं तुम्ही वाचलीत हे फार बरं झालं. पन्नास टक्के लोक वाचत नाहीत आणि मग धक्क्यावर उतरून 'व्हेनिस कुठेय' म्हणून विचारत बसतात. (पन्नास हा आकडा माझा, रागाच्या भरातला.)

रावेन्नाचं बंदर व्हेनिसपासून रस्त्याने दोन-अडीच तासांवर आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युडेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे मोठी जहाजं मार्गेरा, रावेन्ना किंवा त्रिएस्तला लागतात. जाहिरातीत नाव मात्र व्हेनिसचंच राहतं. तेव्हा विमानाचं तिकीट काढताना बोलोन्याही बघा, रावेन्नाला ते जवळ पडतं. व्हेनिस पाहायचंच असेल तर दोन दिवस आधी जाऊन पाहून घ्या आणि आदल्या रात्री रावेन्नात मुक्काम करा. जहाज सुटायच्या दिवशीच विमानाने पोचायचा बेत कुणी कितीही समजावून सांगितला तरी करू नका.

ही गोष्ट जगभर आहे. 'रोम' म्हणजे चिविताव्हेक्या, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, अंतर नव्वदच्या आसपास. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, जवळजवळ दोनशे. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंड, दोनशेच्याही वर. बर्लिनच्या सहलीत दिवसाचे सहा तास बसमध्ये जातात आणि तरी लोक 'बर्लिन केलं' म्हणतात.

म्हणून सहल कुणाची घ्यायची हे ठरवण्याआधी प्रत्येक बंदरापुढे तीन गोष्टी लिहून काढा: जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात उभं राहून टेंडर बोटीने उतरवणार, बघायची जागा धक्क्यापासून किती लांब, आणि जहाजावर परत यायची शेवटची वेळ काय. तुमच्या यादीतलं स्प्लिट आणि रोड्स या दोन ठिकाणी सहल विकत घेण्याचं मला तरी काहीच कारण दिसत नाही. स्प्लिटमध्ये डायोक्लेशियन बादशहाचा राजवाडा बंदराला लागूनच आहे, आणि राजवाडा म्हणजे तिकीट काढून बघायची एक इमारत नव्हे. जुनं शहरच त्याच्या भिंतींच्या आत वसलंय. रोड्सला उतरलं की समोर मध्ययुगीन तट. दोन्हीकडे मनाला येईल तेवढं फिरा, कंटाळलात की जहाजावर परत.

उंटावरचा_शहाणा | सोमवार, रात्री ११:०२

नेहमीप्रमाणे उलट मत. क्रूझ म्हणजे तरंगता मॉल. आठ तासांत एक शहर, त्यातले दोन रांगेत, दोन बसमध्ये. त्याच सुट्टीत आई-बाबांना घेऊन एखाद्या गावात आठवडाभर राहा की.

भटकी_मनी | सोमवार, रात्री ११:१५

शहाणे, सत्तरीतल्या माणसांना घेऊन दर दोन दिवसांनी बॅगा ओढत हॉटेल बदलून पाहा, मग बोलू. बॅग एकदाच उघडायची आणि सकाळी खिडकीबाहेर नवं गाव, क्रूझचं मोठं सुख हेच. एका गावात आठवडा राहणं छानच, पण ती वेगळी सुट्टी झाली.

उंटावरचा_शहाणा | सोमवार, रात्री ११:२१

आणि त्या गावांचं काय? कोटोरच्या तटाच्या आतलं शहर केवढंसं, त्यात एका सकाळी दोन-तीन जहाजं रिकामी होतात. व्हेनिसने उगाच बंदी घातली का? नॉर्वेनेही गाइरांगरसारख्या वारसा यादीतल्या फ्योर्डांत (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांत) २०२६ पासून लहान आणि २०३२ पासून मोठ्या जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट घातलीये. सॅंटोरिनीत दिवसाला ८,००० क्रूझप्रवाशांची मर्यादा ठरवावी लागली.

भटकी_मनी | सोमवार, रात्री ११:३४

हे मान्य. त्यातून एक कामाची गोष्ट निघते: कोणत्या तारखेला कोणत्या बंदरात किती जहाजं आहेत याची वेळापत्रकं आधीच ऑनलाइन दिसतात. बुकिंग करण्याआधी ती बघा. एकाच मार्गावर आठवडा मागेपुढे केला तरी सॅंटोरिनीत तुमच्याबरोबर एक जहाज असेल की पाच, इतका फरक पडतो.

दीपस्तंभ | मंगळवार, सकाळी ६:५०

मी जहाजांवर इंजिनरूममध्ये नोकरी करून निवृत्त झालोय. बराचसा काळ मालवाहू जहाजांवर, शेवटची काही वर्षं प्रवासी जहाजावर. तेव्हा थोडं जहाजाच्या बाजूने सांगतो.

'पाच मिनिटं थांबायला काय होतं?' असं लोकांना वाटतं. पण सुटायच्या वेळेला बंदराचा पायलट (जहाजाला बंदरातून आत-बाहेर नेणारा वाटाड्या) चढलेला असतो, दोर सोडणारी माणसं धक्क्यावर उभी असतात, आपल्या जागेवर दुसरं जहाज यायचं असतं, कुठे भरती-ओहोटीचं गणित असतं. शिवाय रात्री कापलेला प्रत्येक मैल इंधन खातो. सकाळी अमुक वाजता पुढच्या बंदराचा पायलट घ्यायचा असेल तर इथला उशीर वेग वाढवून भरून काढावा लागतो, आणि वेग थोडा वाढवला तरी तेल बरंच जास्त जळतं.

जहाजाची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा त्या लोकांना पुढच्या बंदराला पोचवायची सोय कंपनी करते. बाहेरून सहल घेतलेल्यांसाठी थांबायचं बंधन नाही. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ तोमे बेटावर असे आठ प्रवासी राहून गेले. तटरक्षक दलाच्या बोटीतून जहाजापर्यंत पोचले, तरी वर घेतलं नाही. मग देशामागून देश ओलांडत गांबियाच्या बांजुलला जहाज गाठायला निघाले, तर ओहोटीमुळे जहाज त्या बंदरात शिरलंच नाही. शेवटी सेनेगलमधल्या डाकारला चढले.

कुणी परतलं नाही की जहाजावर काय होतं तेही सांगतो. उतरताना आणि चढताना कार्ड टुंग वाजतं, त्यावरून कोण बाहेर आहे हे कळतं. नावाचा पुकारा होतो. तरी पत्ता नाही तर सुरक्षा विभागाची माणसं केबिनमध्ये जाऊन तिजोरीतून पासपोर्ट काढतात आणि बंदरातल्या एजंटाच्या हाती देतात. म्हणून पासपोर्ट तिजोरीतच ठेवा, गादीखाली नको. आणि खिशात पासपोर्टची प्रत, एजंटाचा फोन नंबर (रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो) आणि त्या दिवसाची औषधं एवढं हवंच.

घड्याळाचंही सांगून ठेवतो. क्रोएशिया आणि मॉंटेनेग्रोपेक्षा ग्रीसची वेळ एक तासाने पुढे आहे. तुमच्या समुद्राच्या दिवशी जहाजावरची घड्याळं एक तास पुढे होतील. काही मार्गांवर मात्र जहाज आपली वेळ बदलत नाही आणि किनाऱ्यावरची वेळ वेगळी असते. मोबाइल किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून स्वतःच वेळ बदलतो. म्हणून साधं हातातलं घड्याळ घ्या, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि परतीचा हिशोब त्याच्यावरच करा.

सागरगोटा | मंगळवार, सकाळी ८:१०

काका, साओ तोमेचं वाचून पोटात गोळा आला. म्हणजे सगळीकडे जहाजाचीच सहल घ्यावी?

नकाशेवाला | मंगळवार, सकाळी ८:३०

नाही हो. ते आठ जण बेटावर आत गेले होते, तिथे पर्यायी वाहन नाही. तुम्ही स्प्लिटमध्ये जहाज नजरेच्या टप्प्यात ठेवून फिरणार. धोका कुठे आहे ते बघून पैसे टाका.

खिडकीची_जागा | मंगळवार, दुपारी १२:४५

सहलींवर येतेच, पण त्याआधी व्हिसा. हा मार्ग बघून मला घाम फुटला. इटली आणि क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात (क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून). कोटोर मॉंटेनेग्रोत, म्हणजे शेंगेनच्या बाहेर. मग सॅंटोरिनीला शेंगेनमध्ये परत. कुशादासी तुर्कस्तानात, पुन्हा बाहेर. रोड्सला पुन्हा आत. मोजा: इटलीत पहिला प्रवेश, सॅंटोरिनीत दुसरा, रोड्समध्ये तिसरा. ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांना इथे एकेरी तर सोडाच, दोन प्रवेशांचा व्हिसाही पुरत नाही. अर्जात अनेक प्रवेशांचा मागा आणि सोबत क्रूझचं बंदरवार वेळापत्रक जोडा. म्हणजे अर्ज बघणाऱ्यालाही ते का हवेत हे दिसेल.

मॉंटेनेग्रो आणि तुर्कस्तानात दिवसभराच्या क्रूझप्रवाशांना काय कागद लागतात हे त्या देशांच्या अधिकृत स्थळांवर बघा आणि कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचं 'काही लागत नाही मॅडम' धरून चालू नका. कागद अपुरा असेल तर धक्क्यावरच अडवतात आणि पैसे परत मिळत नाहीत. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावरही सहा महिने हवी, तेही बघून घ्या.

सागरगोटा | मंगळवार, दुपारी १:०५

तीन प्रवेश!! एजंट हे बोललाच नव्हता. आजच त्याला गाठते.

गोळी_घ्या | मंगळवार, रात्री ९:१५

मी डॉक्टर आहे, पण इथलं वाचून गोळी घेऊ नका, आईंच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून घ्या. माझं इथलं नाव काहीही असो.

बोट लागते कारण आतला कान सांगतो 'हलतोय' आणि केबिनच्या भिंतीकडे बघणारे डोळे सांगतात 'स्थिर आहे'. म्हणून पहिला उपाय म्हणजे मोकळ्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघणं. मेक्लिझिनसारख्या गोळ्या मळमळ सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात. एकदा उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात टिकत नाही. त्यांनी झोप येते.

कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच निघायच्या साधारण चार तास आधी लावतात आणि तो तीन दिवसांपर्यंत चालतो. मात्र सत्तरीपुढे तो जपून. तोंड कोरडं पडणं ही किरकोळ गोष्ट, पण वृद्धांमध्ये गोंधळल्यासारखं होणं, लघवी अडणं असे प्रकार होतात, आणि काचबिंदू असेल तर नकोच. पॅच लावल्यावर हात न धुता डोळा चोळला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं, मग घरचे पक्षाघाताच्या भीतीने धावाधाव करतात.

अजून एक. जहाजावर जागोजागी सॅनिटायझर असतं, पण उलट्या-जुलाबांचा जो नोरोव्हायरस जहाजांवर पसरतो त्यावर अल्कोहोलचा फारसा उपयोग होत नाही. साबण आणि पाणी, वीस सेकंद. जेवणाच्या हॉलच्या दाराशी बेसिन असतं, लोक त्याला वळसा घालून जातात. तुम्ही जाऊ नका.

विमा घेताना 'मेडिकल इव्हॅक्युएशन' आहे का ते बघा. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतो, बिलही चांगलं सणसणीत येतं. पण हृदयविकार किंवा मोडलेलं खुब्याचं हाड यासाठी किनाऱ्यावर हलवावंच लागतं, आणि खरा खर्च तिथे आहे.

दीपस्तंभ | मंगळवार, रात्री ९:४०

डॉक्टरांच्या बोलण्याला जहाजाकडून जोड. केबिन मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या. नाकाशी आणि सर्वांत वर हालचाल जास्त. सगळे 'वरची, समोरची, मोठ्या खिडकीची' म्हणून जास्त पैसे मोजतात आणि पहिल्या वाऱ्याला भिंत धरतात. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली स्टॅबिलायझरचे पंख असतात, ते डावी-उजवीकडचा झोका कमी करतात. पुढे-मागे होणारी डुबकी त्यांच्याने थांबत नाही.

तुमच्या मार्गावर एजियन समुद्रात उन्हाळ्यात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. जोर जुलै-ऑगस्टात, सप्टेंबरअखेर ओसरत आलेला असतो. तारखा चांगल्या निवडल्यात. तरी खाडीतल्या होडीचा अनुभव इथे लावू नका, एवढ्या मोठ्या जहाजाचं हलणं संथ असतं. आईंना कदाचित कळणारही नाही.

भटकी_मनी | बुधवार, सकाळी ७:३०

आता सॅंटोरिनी, कारण बाबांच्या गुडघ्यांचा खरा प्रश्न तिथे आहे.

तिथला समुद्र म्हणजे ज्वालामुखीचं बुडालेलं तोंड. पाणी शेकडो मीटर खोल, म्हणून मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, मध्येच उभी राहतात आणि टेंडर बोटी तुम्हाला कड्याच्या पायथ्याशी जुन्या बंदरात सोडतात. गाव, म्हणजे फिरा, दोनशेहून जास्त मीटर वर. चढायला तीन मार्ग: केबल कार, गाढव आणि साधारण ५८८ पायऱ्या. पायऱ्यांचा मार्ग आणि गाढवांचा मार्ग एकच आहे, म्हणजे गुळगुळीत दगड, त्यावर लीद आणि समोरून येणारी गाढवं. गाढवावर तर बसूच नका. त्यांचे हाल इतके की २०१८ मध्ये ग्रीसला शंभर किलोंवरचं वजन लादू नये असा नियम करावा लागला.

केबल कारची चढण काही मिनिटांची, रांग मात्र तासाची. आणि ही रांग चढताना सकाळी एकदा, उतरताना दुपारी पुन्हा. चार जहाजं असली की तीन वाजता फिराच्या गल्लीत माणसं भिंतीला चिकटून उभी असतात आणि प्रत्येक जण घड्याळ बघत असतो.

इथे जहाजाची सहल घ्या. कारण असं की सहलवाल्यांना आधी उतरवतात आणि बहुतेकदा दुसऱ्या बंदरात, अथिनिओसला नेतात. तिथून बस थेट वर. उतरताना मात्र बरेचदा केबल कारने आपलं आपण यायला सांगतात, तेव्हा सहलीच्या वर्णनात परतीचा मार्ग कुठला लिहिलाय ते नक्की वाचा.

शिवाय टेंडरमध्ये चढणं हीच एक परीक्षा असते. जहाजाच्या पोटातल्या दारातून बोटीत पाय टाकायचा, बोट वरखाली होत असते, दोन खलाशी दोन्ही दंड धरतात आणि 'आता' म्हटलं की पाऊल टाकायचं. घाबरण्यासारखं नाही, पण काठी एका हातात आणि पिशवी दुसऱ्या हातात असं चालत नाही. बाबांना पाठीवरची सॅक द्या.

खिडकीची_जागा | बुधवार, सकाळी ८:०५

किंवा बाबांनी सॅंटोरिनीला उतरूच नये! गंमत नाही करत. कड्याच्या माथ्यावरची पांढरी गावं खालून जहाजावरूनच सर्वांत सुंदर दिसतात, आणि त्या दिवशी जहाज रिकामं असतं. डेकवर हवी ती खुर्ची मिळते. तू आणि आई जा, बाबा दुर्बीण घेऊन बसतील.

सागरगोटा | बुधवार, सकाळी ८:२०

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, 'या बाईंना माझा नमस्कार सांग.'

नकाशेवाला | बुधवार, सकाळी १०:१०

कुशादासीबद्दल माझं मत जहाजाच्या सहलीविरुद्ध आहे आणि तेही गुडघ्यांमुळेच.

तिथून एफेसस (प्राचीन शहराचे अवशेष) वीसेक किलोमीटर, रस्ता सरळ, दिवस पुरेसा. जहाजाच्या बस बहुधा वरच्या दाराशी सोडतात आणि खालच्या दाराशी उचलतात. 'फक्त उतार आहे, सोपं आहे' असं सांगतात. गुडघेदुखीवाल्याला विचारा, चढापेक्षा उतार छळतो. त्यात शतकानुशतकं पायांखाली घासलेला संगमरवर. पाऊस पडून गेला असेल तर तोल सांभाळण्यातच लक्ष.

त्यापेक्षा स्वतंत्र गाडी ठरवा आणि खालच्या दाराने आत जा. थोडं चाललं की डावीकडे भव्य नाट्यगृह लागतं, पंचवीस हजार माणसं बसतील एवढं. तिथून संगमरवरी रस्त्याने पुढे गेलं की सेल्ससच्या ग्रंथालयाची ती प्रसिद्ध दर्शनी भिंत. हा टप्पा बऱ्यापैकी सपाट आहे. दुसऱ्या शतकातली इमारत, पण पडलेले तुकडे जुळवून भिंत उभी केली ती १९७० च्या दशकात, हे गाईडने सांगितलं नाही तर कळत नाही. ग्रंथालयासमोर सावलीत बसायचं, मन भरलं की आल्या वाटेने परत. वरचा अर्धा भाग राहिला तर राहिला. टेरेस हाउसेस ही श्रीमंतांची घरं अप्रतिम आहेत, पण आत जिनेच जिने. ती आईंनी आणि तुम्ही पाहून या.

हे गटाच्या सहलीत जमत नाही, कारण बस दुसऱ्या दाराला उभी असते.

परतीची शेवटची वेळ जी असेल त्याच्या दोन तास आधी बंदरात परतायचं असं गाडीवाल्याशी आधीच ठरवा. उरलेला वेळ बंदराजवळ घालवता येतो.

वाचनमात्र | बुधवार, दुपारी ३:००

वाचतोय. समुद्रात मोबाइलचं काय?

भटकी_मनी | बुधवार, दुपारी ३:१२

चढल्याबरोबर एअरप्लेन मोड. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते उपग्रहावरून चालतं आणि तुमच्या रोमिंग पॅकमध्ये बहुतेकदा बसत नाही. फोन गुपचूप ते पकडतो. बाकी वायफाय हवं तर विकत घ्या.

हिमनदी_बघायचीय | बुधवार, सायंकाळी ६:४५

धागा सोन्याचा झालाय. अलास्कावर कुणी सांगेल का? बाल्कनी हवीच असं सगळे म्हणतात.

खिडकीची_जागा | बुधवार, सायंकाळी ७:२०

व्हॅंकुव्हरहून उत्तरेला एकमार्गी जाणार असाल तर किनारा उजव्या हाताला राहतो, एवढं लक्षात ठेवा. पण ग्लेशियर बे मध्ये जहाज हिमनदीसमोर जागच्या जागी वळवतात, दोन्ही बाजूंना दिसतं. तिथे दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी आहे आणि नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर चढून माहिती देतात, तेव्हा तुमच्या मार्गात ग्लेशियर बे खरोखर लिहिलंय की नुसतं 'हिमनदी दर्शन', ते बघा. बाल्कनीपेक्षा दुर्बीण आणि पाणी न शिरणारं जाकीट महत्त्वाचं. अलास्कातल्या केचिकनला वर्षाला चार मीटरच्या जवळपास पाऊस पडतो!

अवांतर: सिॲटलहून निघणारी जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळचे काही तास का थांबतात? अमेरिकेचा १८८६ चा कायदा. परदेशी झेंड्याच्या जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांमधून प्रवासी फिरवता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर लागतं. बहुतेक क्रूझ जहाजांवर परदेशी झेंडा असतो.

दीपस्तंभ | बुधवार, रात्री ८:३०

बॅगेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. इस्त्री, पाण्याची किटली आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा भाग) असलेला एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. इस्त्री-किटली आगीच्या भीतीने. सर्ज प्रोटेक्टरचं कारण वेगळं: जहाजाची वीजवाहिनी जमिनीवरच्या घरासारखी जोडलेली नसते, त्यामुळे तो तापून पेटू शकतो. आता काही कंपन्या साधा एक्स्टेंशनही चालवून घेत नाहीत, तेव्हा त्यांची यादी वाचा.

केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात. चुंबकाचे चार हुक न्या, टोप्या आणि ओली जाकिटं लटकवायला. आतली बिनखिडकीची केबिन घेतली असेल तर बारीकसा रात्रीचा दिवा हवाच. दिवा मालवला की हात दिसत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला रात्री बाथरूमच्या उंबऱ्याला ठेच लागते.

पहिल्या दिवशी बॅगा धक्क्यावर देता, त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. औषधं, पासपोर्ट, चार्जर, एक कपड्यांचा जोड हातात ठेवा. शेवटच्या रात्री उलटं: बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, त्या रात्रीतच नेतात. दर फेरीला कुणीतरी सगळेच कपडे बॅगेत भरतं आणि सकाळी जहाजाच्या झग्यात स्वागतकक्षाशी उभं असतं.

आणि सुरक्षा कवायत टाळू नका. सात लहान भोंगे आणि एक लांब, हा आपत्कालीन इशारा. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी कॉस्टा कॉंकॉर्डिया खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चिविताव्हेक्याला चढलेल्यांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. पूर्वी नियमच चोवीस तासांच्या आत असा होता. २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत बंधनकारक आहे. हल्ली बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ बघून आपल्या जमायच्या जागी जाऊन कार्ड दाखवलं की झालं. ते झाल्यावरही आई-बाबांना एकदा केबिनपासून तिथपर्यंत जिन्याने चालवून आणा. बाबांना जिना जड जात असेल तर हे पहिल्याच दिवशी केबिनवाल्याला सांगा. मदत लागणाऱ्यांची यादी जहाजावर असते आणि त्यांच्यासाठी माणूस नेमलेला असतो. आगीच्या वेळी लिफ्ट बंद करतात.

उंटावरचा_शहाणा | बुधवार, रात्री ९:०५

मत बदललेलं नाही, पण दीपस्तंभकाकांचा प्रतिसाद जपून ठेवतोय. एक प्रामाणिक प्रश्न. कॅप्टनने बंदर गाळलं तर पैसे परत मिळतात?

नकाशेवाला | बुधवार, रात्री ९:३०

तिकिटामागच्या करारात मार्ग बदलायचा अधिकार जहाजाकडे असतो. सहसा त्या बंदराचे कर आणि शुल्क तेवढे परत मिळतात. जहाजाची सहल घेतली असेल तर तिचे पैसे आपोआप परत. बाहेरची घेतली असेल तर त्यांच्या अटी वाचा; चांगले सहलवाले 'जहाज आलं नाही तर पूर्ण परत' असं लिहूनच देतात. लिहिलं नसेल त्याच्याकडे आगाऊ पैसे भरू नका. टेंडरच्या बंदरांत, म्हणजे सॅंटोरिनीला, लाटांमुळे हे होऊ शकतं.

सागरगोटा | गुरुवार, रात्री १०:००

सगळ्यांचे आभार. एजंटाने आधी कानावर हात ठेवले, मग 'हो हो, अनेक प्रवेशांचाच' म्हणाला. अर्जावर मी स्वतः नजर ठेवणार आहे.

ठरलं ते असं. रावेन्नाला आदल्या दिवशी. स्प्लिट आणि रोड्स आपलं आपण. सॅंटोरिनीला आई आणि मी जहाजाच्या सहलीने, बाबा दुर्बिणीसकट डेकवर. कुशादासीला स्वतंत्र गाडी, खालचं दार. केबिन मधली, खालून तिसऱ्या डेकवर, लिफ्टजवळ. कोटोरचं काय करावं कळत नाही. आणि पिरेयसहून त्याच दिवशी विमान आहे, वेळ सकाळी ११ ची घेऊ का?

भटकी_मनी | गुरुवार, रात्री १०:२०

कोटोरला पैसे खर्चू नका, पहाटे उठा. जहाज आखातात शिरतं ते तासाभराहून जास्त, दोन्ही बाजूंना डोंगर, एका ठिकाणी खाडी जेमतेम तीन-साडेतीनशे मीटर उरते आणि त्यातून एवढं मोठं जहाज जातं. वेळ आदल्या रात्री विचारून ठेवा. मोकळ्या डेकवर जा, बाल्कनीतून एकच बाजू दिसते. उतरल्यावर तटाच्या आतलं गाव सपाट आहे, बाबांना झेपेल. वर किल्ल्यापर्यंतच्या साडेतेराशे पायऱ्यांकडे खालूनच बघा.

नकाशेवाला | गुरुवार, रात्री १०:४१

११ चं अजिबात नको. जहाज पहाटे लागलं तरी परवानगी, रंगीत टॅगप्रमाणे उतरणं, बॅगा शोधणं यात दोन-अडीच तास जातात. पिरेयसहून विमानतळापर्यंत थेट मेट्रो आहे, पण क्रूझ टर्मिनलपासून स्टेशन बॅगांसकट चालण्याजोगं नाही. तिघं आणि बॅगा असताना टॅक्सीच करा. दुपारी तीननंतरचं विमान बघा. त्याहून बरं म्हणजे एक रात्र अथेन्सला राहा. ॲक्रोपोलिसची तिकिटं ठरावीक वेळेची असतात, ती आधीच काढा. आणि जिने चढता न येणाऱ्यांसाठी तिथे लिफ्ट आहे, ती वापरायची असेल तर आधी विचारून ठेवावं लागतं.

सागरगोटा | गुरुवार, रात्री १०:५०

लिफ्ट म्हटल्यावर बाबा लगेच एक रात्र राहायला तयार झालेत. हॉटेल बघतेय.